मोटार: निरंक

आमच्या अपार्टमेंटची सेक्रेटरी मी झाले ती गच्चीवरच्या मीटिंगला उशिरा पोचले म्हणून. वेळेवर आलेल्या अकरा घरांची आपापली कारणं तोवर सांगून झाली होती. मी धापा टाकत जिना चढून आले आणि सगळे एकदम म्हणाले, "बाई आहेत की." तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. कुणी 'बाई' म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मनातून मला ते पद हवंच होतं. निवृत्तीनंतर कुणाच्या चुका काढायला मिळाल्या नव्हत्या. घरात एकटे आमचे हे, त्यांच्या किती काढणार?

पहिलंच काम निघालं विजेचं. इमारत बांधली तेव्हा घरटी दोन पंखे, एक फ्रीज नि एक टीव्ही एवढाच संसार होता. आता बारा घरांत कूलर, एसी, गीझर, सगळं आलं आणि खांबावरून येणारी केबल मात्र तीच जुनी. उन्हाळ्यात दुपारी फ्यूज उडायचा. बाकीच्यांना तो त्रास होता. तळमजल्यावरच्या अण्णांचं मात्र नुसत्या त्रासावर भागणार नव्हतं. अण्णांचं आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं, छातीत सगळा कापूस बसलेला. दोन वर्षांपासून त्यांच्या नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीन विजेवर चालतं. वीज गेली की एक लहान सिलिंडर, तो जेमतेम तासभर. डॉक्टरांनी अक्कांना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, बजावून सांगितलं होतं की मशीन बंद पडून चालायचं नाही. अक्का फ्यूज उडाला की पदर खोचून पार्किंगमध्ये यायच्या, वर बघून एकच हाक मारायच्या, "बाई, गेली ओ." त्या हाकेला मी हातातलं टाकून खाली धावायची.

म्हणून मी ठरवलं, केबल बदलायची, मेन स्विच बदलायचा, वीज कचेरीतून भार वाढवून घ्यायचा. त्यासाठी आधी कुणाच्या घरात काय काय चालतं याची यादी लागणार होती. वायरमन म्हणाला, "अंदाजानं लिवा की बाई, आणि वरनं थोडं जास्त धरा." मी गणिताची बाई. अंदाज हा शब्द मला शिवीसारखा वाटतो. मी शंभर पानी वही घेतली, तिला खाकी कव्हर घातलं, रकाने आखले आणि जानेवारीत आमच्या गावची गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात दारोदार फिरायला लागले.

लोकांनी भरभरून सांगितलं. एकानं अजून न घेतलेला एसीसुद्धा लिहायला लावला. "यंदा घेणारच आहे," असं तो बायकोकडे बघत म्हणाला, आणि त्या घरात त्या दिवशी बहुतेक भांडण झालं. कूलर, मिक्सर, इस्त्री, माशा मारायची बॅट, सगळं वहीत आलं. मग शेवटचा रकाना यायचा: पाण्याची मोटार.

सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यासाठी सांगते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि तेही असं की बादलीखाली हात धरून बसावं. मग प्रत्येकानं पार्किंगमधल्या आपल्या नळाला छोटी मोटार लावलेली असते आणि ती पाणी खेचून वरच्या टाकीत चढवते. नळाला अशी मोटार लावायला बंदी आहे. महापालिकेची माणसं येतात आणि उचलून नेतात. म्हणून कुणाची मोटार उलट्या बादलीखाली, कुणाची जुन्या पत्र्याच्या डब्याखाली, एकाची तर चक्क कुत्र्याच्या घरात, आणि त्या घराला कुत्रा नाही.

"पाण्याची मोटार?" मी विचारायची.

"छे हो बाई. आपोआप चढतं."

तिसऱ्या मजल्यावरचा माणूस हे सांगायचा. पाणी सोलापुरात आपोआप तळमजल्यालाही चढत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. मी मान डोलावून लिहायची, 'निरंक'. वीज कचेरीत दिलेला कागद उद्या महापालिकेच्या हातात पडणार नाही याचा काय भरवसा? आणि मी कुणाला कुठल्या तोंडानं हटकणार होते? माझी स्वतःची मोटार जिन्याखाली, सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळाखाली बसलेली. माझ्या घरापुढे मी सगळ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: मोटार, निरंक. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायची, हे जाता जाता सांगून ठेवते.

शेवटी अण्णांकडे गेले. त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि नळी सावरत सावकाश लिहिलं. मशीन एक. पंखे दोन. फ्रीज. कूलर. आणि खाली, पाण्याची मोटार एक, अर्धा हॉर्स.

"अण्णा, हे लिहायचं नसतं," मी म्हणाले.

"का? हाय की."

"असली तरी."

"मागावर असताना सगळ्यात आधी मोटार सांगाय लागायची, बाई," ते म्हणाले. "चालताना न्हाय, सुरू होताना लई ओढती ती. ते धरलं न्हाय तर समदं बसतंय."

मी "बरं बरं" म्हणून वही मिटली. म्हातारा माणूस, पॉवरलूमचं डोकं, त्याला अपार्टमेंटचं काय कळणार, असं मला वाटलं. हे वाटलं होतं असं लिहितानाही आज लाज वाटते. घरी येऊन मी लाल पेन काढलं आणि अण्णांच्या त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. अकरा घरं निरंक आणि एकाच घरात मोटार, कसं दिसेल ते? त्यांच्याच भल्यासाठी मारतेय अशी मी माझी समजूत घातली.

बेरीज केली, तीनदा तपासली. वायरमननं पुन्हा सांगून पाहिलं की स्विच एक साइज मोठा घ्या. मी म्हणाले, "हिशोब पक्का असला की मोठा कशाला लागतो?" तो पिशवी उचलून निघाला. मार्चमध्ये नवी केबल आली, नवा मेन स्विच बसला. मी नारळ फोडला, पेढे वाटले आणि माझी बेरीज पार्किंगच्या फळ्यावर लावली, सगळ्या पायऱ्यांसकट. पुढे आठवडाभर मी येता जाता ती बेरीज वाचायची. आमचे हे म्हणाले, "परीक्षेत आलीय का ती?"

मार्च गेला, एप्रिल गेला, काही झालं नाही. पाणी यायचं ते पहाटे, एसी बंद असताना. मग मे महिन्यात एका दिवशी पाणी आलं भर दुपारी तीनला. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. बारा घरांत कूलर नि एसी चालू. नळाला पाणी आल्याचं कळताच बारा घरांतून माणसं पार्किंगमध्ये येऊन काहीच न केल्यासारखी परत गेली. आमच्याकडून हे जाऊन आले. पाचव्या मिनिटाला खाली खट् असा आवाज झाला आणि सगळा पसारा एकदम बंद पडला.

"बाई, गेली ओ."

मी धावत खाली गेले. अण्णा खाटेवर टेकून बसलेले, नळी सिलिंडरला जोडलेली. सिलिंडर आठवड्यापूर्वी सगळ्या भागाची वीज गेली तेव्हा थोडा वापरला होता, काटा निम्म्याच्या खाली. मी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "मी मोडनिंबला हाय, बाई. यायला दीड तास तरी लागंल. घरातलं समदं बंद करा आन् मेन उचला."

सगळ्यांनी घरातलं सगळं बंद केलं. मेन उचलला. एक क्षण पार्किंगभर घूं झालं, बादल्यांखालून, डब्यांखालून, कुत्र्याच्या घरातून, आणि पुन्हा खट्. मोटारींच्या वायरी थेट खाली मीटरपासून घेतलेल्या, घरातलं बटण बंद करून त्यांना काय होणार? दुसऱ्यांदा उचलला. घूं, खट्. आम्ही सगळे उभे राहून छताकडे बघत होतो. वायरमनला फोनवर तो आवाज ऐकू गेला.

"बाई, मोटारी हायत का कुणाच्या? आदी त्या बंद करा."

फोन स्पीकरवर होता. शेजारची बाई पदरानं घाम पुसत म्हणाली, "आमच्याकडं तर नाही." मग तिच्या शेजारचा म्हणाला, "आमच्याकडं पण नाही." सगळ्यांनी क्रमानं सांगितलं, वहीतल्याच क्रमानं. इतक्यात अक्का पुढे आल्या. त्यांची मोटार नळाशेजारी उघडीच होती, कशानंही न झाकलेली. त्यांनी तिचं बटण बंद केलं आणि आत अण्णांपाशी गेल्या. आतून अण्णांच्या खोकल्याचा आवाज आला, कोरडा, लांबत जाणारा.

हे माझ्या कानाशी आले. "आपली पण..." म्हणाले.

"गप बसा," मी म्हणाले. आणि तशीच उभी राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, म्हणजे सांगता येईल पण सांगायचं नाही. आत एक माणूस श्वासासाठी धडपडतोय आणि मी विचार करतेय की फळ्यावर माझी बेरीज लावलेली आहे.

खोकला थांबला. त्या शांततेनं मी घाबरले. जिन्याखाली गेले आणि दोन्ही हातांनी घंगाळ उचललं. ते हातातून सुटलं आणि फरशीवर गोल फिरत असं वाजलं की तिसऱ्या मजल्यावर झोपलेली पोरं उठली. मी सगळ्यांसमोर खाली वाकले आणि माझी निरंक मोटार बंद केली.

"ही माझी," मी म्हणाले. "आता तुमच्या."

बादल्या सरकल्या. डबा सरकला. कुत्र्याच्या घरात एक गृहस्थ कमरेपर्यंत शिरले. मी मेन उचलला आणि तो राहिला. तळमजल्यावरून मशीनची घरघर सुरू झाली. तिथंच पायरीवर बसून मी रडले, आणि मला रडताना बघून इमारतीतच राहणाऱ्या, मी एकदा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या विद्यार्थ्याच्या आईला फार बरं वाटलं असावं.

अण्णा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन पुन्हा दारोदार फिरले. बाराही घरांच्या मोटारी लिहून घेतल्या, कुणाची अर्ध्या हॉर्सची, कुणाची एक हॉर्सची. वायरमनच्या समोर मोठ्या स्विचला हो म्हणाले. तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. अण्णांकडे शेवटी गेले. ते खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी सवयीनं वही स्वतःकडे ओढली, जुनं पान उघडलं आणि आपली ओळ शोधली. लाल रेघेवर त्यांचं बोट थांबलं. वर माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा झाला होता.

"बाई," त्यांनी विचारलं, "चुकलं होतं का काय माझं?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला असेल.

"नाही, अण्णा," मी म्हणाले. "सगळ्या इमारतीत तुमचं एकट्याचं बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली आणि उरलेला चहा प्याले. मी पेन काढलं. हातात आलं ते लालच होतं. त्यानंच त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.