दहावा माणूस

स्टाफरूममध्ये कुणी ताजी बातमी आणली, की रहमीम सर चष्मा कपाळावर चढवून हात पुढे करायचे. "केसांची बट आणि कपड्याचा काठ आणलास का? मग ऐकतो." पोलादपूरच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, आणखी एक डोकं फिरलेला आला!

मग त्यांनीच सांगितलं. फार पूर्वी युफ्रेटिसकाठच्या एका राज्यात कुणी देवाचा निरोप घेऊन आला, की तो राजाला कळवताना अधिकारी त्या माणसाची बट आणि कपड्याचा काठही धाडायचे. खऱ्याखोट्याची पारख व्हावी म्हणून. "बाई, देवाच्या नावानं बोलणाऱ्यालाही तिथं जामीन द्यावा लागे. हल्ली बघा, नुसता माईक मिळाला की पुरे!"

सर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. हिब्रू त्यांना वडिलांनी शिकवलेली. इराकातल्या मातीच्या पाट्यांवरचं लिखाण ते इंग्रजीतून वाचायचे आणि आपल्या धर्मग्रंथातल्या संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांच्या वाणीशेजारी ठेवून बघायचे. मधल्या सुट्टीत माझा डबा तसाच राही. उद्ध्वस्त शहरासाठी तिथली देवी कशी टाहो फोडते, आणि पुढे कित्येक शतकांनी यरुशलेमसाठी तोच टाहो कसा ऐकू येतो, हे ते घंटा होईपर्यंत सांगत राहायचे. "पण फरक बघा. तिकडे शहर का पडलं? देवांनी ठरवलं म्हणून. आमचे संदेष्टे म्हणाले, तुमच्या वागण्यानं पडलं. भाषा शेजाऱ्यांची, पण फटके स्वतःच्या पाठीवर."

हे शाळेपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना वाटलं, घरची माणसं आहेत, आनंदच होईल. महाडच्या यहुदी आळीत वडीलधाऱ्या बेंजामिनकाकांच्या पडवीत या सगळ्यांची शनिवारची प्रार्थना असे. दहा पुरुष जमल्याशिवाय ती पुरी म्हणता येत नाही. निम्मी आळी इस्रायलला निघून गेलेली, राहिले होते बरोब्बर दहा. एका शनिवारी प्रार्थनेनंतर सरांनी तिथं हे सगळं उत्साहानं सांगितलं.

"म्हंजे देवानं आमाला सांगितलेलं उसनं हाय?" काकांनी विचारलं.

"उसनं नाही काका. फरक सांगतोय ना मी..."

"फुडच्या शनवारी येऊ नको."

फरक कुणी ऐकलाच नाही! पुढच्या शनिवारपासून तिथं नऊजण बसायचे, प्रार्थना अर्धीमुर्धी म्हणून उठायचे. वर्षानुवर्षं. दहावा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, पण त्याला बोलवायचं नाही म्हणजे नाही. आणि हा माणूस दर शनिवारी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसून राही. बोलावणं येईल म्हणून. मला तर संताप यायचा. एकदा म्हटलंही, "जा ना, मागून टाका माफी, मिटवा एकदाचं."

"कशाची माफी, बाई? वाचल्याची?"

हळूहळू त्यांनी सांगणंच सोडलं. डबा आता वेळेवर संपायचा. बट नाही, काठ नाही, नुसता पेपर उघडून बसायचे. माणूस जिवंतपणी मिटवणं म्हणजे काय, ते मी त्या खुर्चीत रोज पाहिलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत ते गेले.

अंत्यविधीला सगळी शाळा लोटली होती. मुलानं बापासाठी म्हणायची एक प्रार्थना असते, तिलाही दहा पुरुष लागतात. मधल्या काळात आणखी घरं इस्रायलला गेली होती. बेंजामिनकाका थकलेले, काठी टेकत आले आणि कबरीपाशी पुस्तक हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहिले. त्यांच्या समाजातले जेमतेम सहाजण होते. आमचे मुकादम सर पुढे झाले. "काका, आम्ही आहोत की एवढे."

"तुमाला मोजण्यात धरत नाय, भाऊ. आपलेच लागतात." त्यांनी पुस्तक मिटलं. सरांचा मुलगा बापाच्या पायाशी तसाच मुका उभा.

सरांची बायको, रिबकावहिनी, बायकांमधून पुढे आली. ती काकांसमोर येऊन उभी राहिली.

"ह्यांना हाकललंत त्या दिवशी माणसं मोजली नव्हतीत का, काका?"

काकांनी मान वर केली नाही.

"मोजली व्हती गो," ते म्हणाले.