दवण्याच्या तेलाच्या दोन बाटल्या
चैत्रात फुलवाल्याकडे दवण्याची जुडी दिसली की मला वळसंगकडच्या एका बाई आठवतात. सोलापुरातल्या एका अगरबत्ती कारखान्यात तेलं तपासायची माझी पहिलीच नोकरी होती, आणि त्या बाई स्वतःच्या रानातल्या दवण्याचं तेल काढून दोन बाटल्या घेऊन आल्या होत्या. मी एका बाटलीतला थेंब माझ्या मनगटावर लावला आणि दुसऱ्या बाटलीतला पॅकिंगच्या मावशींच्या. माझ्या हाताला ओल्या पाल्यासारखा कडसर वास आला, मावशींच्या हाताला पिकल्या फळाचा गोड. दुसऱ्या बाटलीत एसेन्स मिसळलंय, अशी माझी खात्रीच झाली. "गोड वासाचं काय घातलंत यात?" मी विचारलं. "काय बी न्हाय. दोनी एकाच भट्टीतलं हाय की," त्या म्हणाल्या. मी हसले, ते त्यांना लागलं. त्यांनी तीच गोड वासाची बाटली उचलून माझ्या दुसऱ्या मनगटावर थेंब टेकवला. थोड्या वेळानं तिथंही कडसरच वास आला. "तेल त्येच हाय बाई. ज्येच्या त्येच्या कातडीवर वास बदलतो." त्वचेच्या उबेनं आणि आम्लतेनं दवण्यातली द्रव्यं प्रत्येकाच्या अंगावर वेगळी उमलतात, हे मी पुस्तकात पुढं कधीतरी वाचलं. मी माफी मागेपर्यंत त्यांनी बुचं लावली होती. "हितं न्हाय द्यायचं मला," म्हणाल्या आणि गेल्या. माझं कामच संशयाचं, त्यामुळे संशय मी आजही घेते. पण तोंड उघडण्याआधी दोन्ही बाटल्या माझ्याच अंगाला लावून बघते.