पांढरे दगड वेगळे

खुब्याचं हाड मोडल्यावर आबा आमच्या घरी धाराशिवला राहायला आले, तेव्हा त्यांनी सोबत घोंगडं, मेंढरांमागची काठी आणि दगडांनी भरलेली खताची पिशवी आणली. आबा म्हणजे माझे वडील. हयातभर त्यांनी मेंढरं राखली, ईट गावच्या माळावर आणि बालाघाटाच्या उतारांवर. चालता चालता एखादा खडा डोळ्यात भरला की तो कोपरीच्या खिशात जायचा. ते दवाखान्यात असतानाच माझ्या भावानं मेंढरं विकली. विचारूनच विकली, आणि आबांनी मान हलवली. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांचा पाय ठरेना. वॉकर घेऊन गॅलरीपासून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. डॉक्टरांनी थोडंच चालायला सांगितलं होतं. फरशीवर आपटणाऱ्या वॉकरचा आवाज ऑफिसातही माझ्या कानात वाजत राहायचा. पडले तर? दार उघडं राहिलं तर? फोन वाजला की हातातलं काम टाकून मी आधी घरचा नंबर आहे का ते बघायचे.

यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मोटार वायंडिंगचं दुकान आहे. आबांची पिशवी बघून यांनी एक यंत्र जुळवलं. कूलरची जुनी मोटार, दोन रूळ, आणि त्यांवर आडवा फिरणारा, आतून रबर लावलेला जाड पाईपचा डबा. आत दगड, पाणी आणि घासण्यासाठी कुरुंदाच्या दगडाची भरड पावडर घालायची, आणि डबा दिवसरात्र फिरवत ठेवायचा. दगड एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात.

"मामा, तुम्हीच निवडा," हे म्हणाले.

आबांनी मूठ मूठ भरून सगळंच घातलं. तांबड्या गारा, काळे खडे, हिरवट अकीक, आणि शिरगोळ्याचे पांढरेधोट तुकडे. हा दगड मऊ. पूर्वी बायका तो कुटून रांगोळी करायच्या. त्यातला कोंबडीच्या अंड्याएवढा एक तुकडा आबांचा सगळ्यात आवडता. तो त्यांनी शेवटी, जपून डब्यात ठेवला.

डबा गॅलरीत घरघर फिरू लागला आणि घरात आणखी एक न थांबणारी गोष्ट आली. आबांच्या येरझाऱ्या आता दारापर्यंत जाईनात, डब्यापाशीच घुटमळू लागल्या.

"झालं असंल आता."

"नाही आबा, अजून लई दिवस लागतील."

"मग हितं बसून म्या काय करू?"

खालच्या शेजारणीनं दोनदा येऊन विचारलं, तुमच्याकडं गिरणी काढली का. मी माफी मागितली, डब्याखाली जुनी गादी घातली, पण आवाज भिंतीतून जातच राहिला.

अखेर एका रविवारी सकाळी डबा उघडला. आत दुधासारखं पांढरं, घट्ट पाणी. हे चाळणीवर ओतत गेले, मी खाली बादली धरली. गारांच्या कडा जरा बोथटल्या होत्या, एवढंच. आबांनी चाळणीत बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"माझं पांढरं कुठं हाय?"

हरभऱ्याएवढा एक खडा सापडला. बाकी सगळं बादलीत होतं. गारांनी त्याचं पीठ केलं होतं.

आबांनी चाळणी बाजूला सारली. दुपारी जेवलेही नाहीत. मी भांडी घासून बाहेर आले तर दार सताड उघडं. वॉकर जिन्याच्या वरच्या पायरीपाशी, आणि आबा नाहीत. मी अनवाणी खाली पळाले. मागच्या प्लॉटवर बांधकामासाठी मुरूम टाकला होता. त्या ढिगापाशी कठड्याला टेकून आबा उभे होते, घामानं निथळत, आणि काठीच्या टोकानं दगड उकरत होते.

"आबा! जिना कसा उतरलात? पडला असता म्हंजी?"

"न्हाय पडलो की."

"परत हाड मोडलं तर मी काय करायचं?"

"आन् म्या काय करायचं त्या खोलीत, ते सांग आधी!"

दोघंही मोठ्यानं बोलत होतो. गवंडी काम थांबवून बघत राहिला. मला रडू यायला लागलं, तेव्हा आबांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि काठी खाली केली. त्यांना धरून मी एकेक पायरी वर आणलं.

रात्री हे म्हणाले, "मऊ दगड वेगळे फिरवायला पाहिजे होते. चुकलं आपलं."

आबांना ते पटेना. "एकात सगळं झालं पायजे. दोनदा घरघर कशापायी?"

"आबा, तुम्ही बारकी कोकरं मोठ्या मेंढ्यांच्या पायात सोडायचा का?" मी विचारलं. "डालग्यात वेगळी ठेवायचा ना?"

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "व्हय, ठेवायचो."

दुसऱ्या खेपेला फक्त पांढरे घातले, पिशवीत उरलेले लहानसहान. भरड पावडर नाही, बारीकच. धक्का बसू नये म्हणून आबांनी जुन्या रबरी चपलेचे तुकडे कापून दिले. ते काम मात्र त्यांनी बसून केलं, मांडीवर सुपलं घेऊन, सगळी सकाळ. पण झाकलेला डबा त्यांना बघवेना. मी ऑफिसातून येईपर्यंत बटण बंद करून, झाकण काढून, ओल्या हातात खडे घेऊन बसलेले असायचे. मी ओरडायचे. मग यांच्याकडून कळलं की मऊ दगडाला असंच मधूनमधून बघावं लागतं, नाही तर तो हातचा जातो. मी ओरडणं सोडलं.

शेवटी पॉलिशची पावडर घातली आणि खडे धुऊन फडक्यावर मांडले. काचेसारखी चमक आली नव्हती. साबणाच्या जुन्या वडीवर असते तशी मंद झाक होती.

आबांनी एक खडा उजेडाकडं धरला. "एवढंच व्हय?"

"मऊ दगडाला एवढीच येते."

"बरं हाय," ते म्हणाले, आणि खडा फडक्यावर परत ठेवून, "आता मला गावाकडं सोड."

मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं. पण ते तेव्हा वॉकर न घेता, भिंतीला हात लावून उभे होते.

पुढच्या आठवड्यात भाऊ गाडी घेऊन आला. आबांनी खडे मलाच ठेवायला सांगितले, रिकामी पिशवी घडी घालून काखेत घेतली. आता ते गावात काठीवर चालतात, पारापर्यंत जातात, कधी त्याच्याही पुढं. भाऊ फोनवर तक्रार करतो, "एका जागी बसतच न्हाईत." मी त्याला समजावते, आणि फोन ठेवून स्वतःच घरभर फिरत राहते.