कानात न सांगितलेलं नाव

माझ्या मुलीचं नाव फार सुरेख होतं. शाळेत, गावात, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. "कुणाला सुचलं हो?" असं बायका विचारायच्या आणि मी, "मलाच," म्हणायची. वीस वर्षं म्हणत आले. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते माझं नव्हतं.

ते माझ्या वहिनीचं होतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, चिंचवडला झालं. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, दादा तिथे रोजावर जायचा. वहिनी निर्वासितांच्या छावणीत दुधाचा रतीब घालायची. तिच्या आधीच्या दोन्ही मुली महिन्याच्या आत गेल्या होत्या. आता तिला पाचवा लागला होता आणि तशात ती माझ्या लेकीला रोज न्हाऊमाखू घालत होती.

एकदा पोरीला पायांवर पालथं घेऊन तेल लावता लावता ती म्हणाली, "वन्सं, एक सांगू? कुणापाशी बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

"मुलगी झाली तर नाव ठरवलंय म्या. तुमी आत्या, तुमच्याच तोंडून जायचं, म्हणून तुमाला सांगते." मग तिने नाव सांगितलं. छावणीतली एक बाई आपल्या लेकीला त्या नावाने हाक मारायची. "हाक ऐकली की कुठं असंल तिथनं पळत येती पोर. अर्थबिर्थ मला ठावं न्हाई. पर आपल्यात कुणाचं न्हाई ना? आधीच्या दोघींना घरातलीच नावं ठेवली. ओळखीची व्हती, उचलून नेली. हे नाव कुणाला वळखूच येयाचं न्हाई."

मी हसले. सातवी शिकलेली होते ना मी.

माझ्या मुलीच्या बारशाला तळेगावहून सासरची माणसं आली. हे शाळामास्तर. पाळण्याजवळ येऊन म्हणाले, "काहीतरी वेगळं नाव सांग बुवा. माझ्या एका वर्गात चार-चार सुमन बसतात." नणंद वाकून खोळंबलेली, बायका गाणं म्हणायच्या थांबलेल्या. मला दुसरं काही आठवलं नाही असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं आहे. दुसरी दोन नावं आठवत होती. पण वहिनीचं जास्त सुंदर होतं. मला ते हवं होतं. मी तेच सांगितलं.

नणंदेने पोरीच्या कानात कुर्र केलं आणि नाव मोठ्याने सांगितलं. वहिनी घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. माझ्या ओंजळीत घालताना म्हणाली, "झ्याक नाव ठेवलंत, वन्सं." एवढंच.

चार महिन्यांनी ती बाळंत झाली. मुलगी. पाचवीच्या पूजेला मी लेकीला घेऊन माहेरी गेले ती बारशापर्यंत राहायचं ठरवूनच. आत्या होते ना. आठव्या दिवशी पोर अंगावर पिईना. जबडा आवळलेला, जरा हात लागला की अंग ताठ व्हायचं. सुइणीने नाळ कशाने कापली होती कुणास ठाऊक. नवव्या दिवशी दुपारी दादा सायकल घेऊन डॉक्टरला आणायला गेला, आई देवळात गेली. घरात आम्ही दोघीच, आणि दोन मुली.

"वन्सं, नाव ठेवा," वहिनी म्हणाली.

"बाराव्याला ठेवू की."

"बाराव्यापत्तुर ऱ्हायची न्हाई ही. बिननावाची कशी धाडू? तेच नाव सांगा तिच्या कानात. दोघींचं एकच असूं द्या, माझी काय तक्रार न्हाई. एवढं करा."

माझी मुलगी पलीकडे गोधडीवर पाय उडवत पडली होती, धडधाकट. आणि मला वहिनीचंच बोलणं आठवलं: ओळखीची होती, उचलून नेली. हे नाव आता या पोरीच्या कानात घातलं, तर तिला न्यायला येणारा तेच नाव ऐकून चार हातांवरच्या माझ्या लेकीकडे वळला तर? त्या बोलण्याला मी हसले होते. त्या दुपारी माझा त्यावर तिच्याहून जास्त विश्वास बसला.

मी वाकले. तोंडाआड हात धरला. हळूच कुर्र केलं. नाव घेतलं नाही. तेच काय, दुसरं कुठलंही घेतलं नाही. नुसते ओठ हलवले.

"सांगितलं?"

"सांगितलं."

वहिनीने पोरीच्या टाळूवर हात ठेवला. दादा डॉक्टरला घेऊन आला तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढे वहिनीला दोन मुलगे झाले, मुलगी झाली नाही. माझ्या मुलीचे तिने फार लाड केले, पण तिला नावाने कधी हाक मारली नाही. "चिमणे", "अगं बाय", "मास्तरांची लेक". आई तिला टोमणे मारायची, "मामी असून भाचीचं नाव घेत न्हाईस, जिभंला काय काटा टोचतो का गं?" वहिनी ऐकून घ्यायची. मला वाटायचं, हा माझ्यावरचा राग आहे. तो असावा असं वाटायचं, म्हणजे फेड तरी चालू आहे म्हणायला.

मुलीचं लग्न झालं. जावयाने अंगठीने तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं. आमच्यातली रीतच ती. साधंसं, चारचौघींत असतं तसं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी माझ्या शेजारी बसली होती. पदराने डोळे टिपत ती माझ्याकडे सरकली.

"सुटली ना आता ही त्या नावातनं?"

"म्हणजे?"

"इतकी वर्सं हाक मारली न्हाई म्या. वाटायचं, मारली तर दोघी येतील पळत, आन मग दुसरीला काय सांगू? आता ते माझ्या पोरीचं एकटीचं झालं. आता मारीन कधीमधी." मग माझ्या मनगटावर हात ठेवून तिने विचारलं, "वन्सं, तुमी नीट सांगितलं व्हतं न्हवं तिच्या कानात? तिला ऐकू जाईल न्हवं?"

मांडवात सनई चालू होती. तिला दोन शब्दांत खरं सांगता आलं असतं.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

दादा-वहिनी आता काळेवाडीला राहतात. मागच्या खेपेला गेले तेव्हा ती दारापुढच्या ओट्यावर गवार मोडत बसली होती. मी आत, दाराआड पाणी पीत होते. तिने मान वर केली आणि रिकाम्या गल्लीकडे पाहून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात, त्या नावाने हाक मारली. जरा वेळ थांबली. मग पुन्हा गवार मोडू लागली.