सापुताऱ्याची थंडी, पंचवीस वर्षांसाठी

दर डिसेंबरात आम्ही दोघं ठरवतो की यंदा कुठंतरी जायचं, आणि दर जानेवारीत एकमेकांना विचारतो की का गेलो नाही. म्हणूनच सापुताऱ्याच्या एका रिसॉर्टवाल्यांचा फोन आला तेव्हा मी ठेवून दिला नाही. दोन रात्री जवळजवळ फुकट. बदल्यात त्यांची माहिती ऐकायची: एकदाच पैसे भरा आणि पुढची पंचवीस वर्षं हिवाळ्यातला एक आठवडा तुमचा. माझ्या मनात एक गोष्ट होती. दर वर्षी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत नेता येईल. फैजपूरला त्यांची केळीची बाग आहे, आणि माझ्या आठवणीत ते सुट्टीवर गेलेलेच नाहीत. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना घाट नको, त्यांनाच न्या."

आदल्या दिवशी आबांना जळगावात मेहरूणला आमच्या घरी आणलं आणि सकाळी उजाडताच निघालो. धुळ्यापर्यंत रस्ता उत्तम आहे. तिथं शेवभाजी खाऊन घ्या. पुढं जेवणाची चांगली ठिकाणं विरळ होत जातात. साक्रीत चहाला थांबलो. टपरीवाल्यानं विचारलं, "कोठे जाई राह्यनात भाऊ?"

"सापुताऱ्याला, थंडीसाठी," संजय म्हणाला. संजय म्हणजे माझा नवरा.

"आठे कमी शे का थंडी?"

इथं काय थंडी कमी आहे, हा त्याचा सवाल ऐकून आबा इतके हसले की बशीतला चहा सांडला.

पिंपळनेर, सटाणा, कळवण करत दुपारी वर पोचलो. कळवणनंतर रस्ता अरुंद होतो, अंधारात नको. जाऊन-येऊन डिझेल एका टाकीत भागतं. खोली स्वच्छ होती आणि गॅलरीतून तलाव दिसत होता. आबांनी गादी दाबून पाहिली, गरम पाण्याचा नळ तीनदा उघडून बंद केला.

संध्याकाळी ती माहितीची बैठक झाली. टाय लावलेल्या तरुणानं विचारलं, "सर, दर वर्षी सुट्टीवर किती खर्च होतो?"

"जातच नाही," मी म्हणाले.

"मग मॅडम, हे तुमच्यासाठीच आहे. पैसे भरले की माणूस जातोच."

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मला आठवडा विकत घ्यायचा नव्हता, धाक विकत घ्यायचा होता. आबांनी विचारलं, "अन् नाही आलो त?"

"आठवडा पुढच्या वर्षी वापरता येतो, आबा. देखभालीचे पैसे मात्र दर वर्षी भरायचे."

मला वाटलं, आबा आता मोडता घालतील. तशी माझी थोडी अपेक्षाच होती. नकार त्यांच्या तोंडून आला असता तर मी सुटले असते. पण बाहेर आल्यावर ते म्हणाले, "घेऊन टाका जावईबापू. निम्मे मी देतो. मले त लय आवडलं आठी."

पहाटे जाग आली तर गॅलरीचं दार उघडं. आबा मफलर गुंडाळून उभे, हात कठड्याबाहेर काढलेला, जणू थंडी तळहातावर तोलून पाहताहेत. फोनवर माझा भाऊ प्रमोद होता. "कचरा पेटोला का? उत्तरेच्या बांधाकडून पेटो. वरून ओला पाला टाक. जाळ नको, धूर पाहिजे."

थंडीच्या लाटेत केळीची पानं करपतात, म्हणून बागेच्या कडेनं धूर करतात. मी त्याच घरात वाढले. तरी पंचवीस वर्षांचे हिवाळे निवडताना मला हे आठवलं नव्हतं.

"आबा, दर थंडीत याल?"

"येईन ना. तू म्हणशील त येईन."

त्यांनी फोन मात्र खिशात ठेवला नाही. दुपारी बोटीत बसले तेव्हाही तो हातातच होता.

'घरी जाऊन ठरवतो' असं सांगून आम्ही सही न करताच परतलो. तिथली माणसं नम्र होती आणि नाश्ता छान होता. सुट्टी हिवाळ्यातच घेता येत असेल तर तुमचं गणित वेगळं असेल. मी मात्र आठवडाभर स्वतःला विचारत होते, आबांचं नाव पुढं करून मी आमचाच आळस तर लपवला नाही ना?

मग आबांचा फोन आला. "मंग, घेतलं का?"

"नाही घेतलं, आबा."

हे ऐकून ते सुटले की हिरमुसले, मला अजून कळलेलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "मंग कधी जायाचं? लावणी उरकली का श्रावणात मी मोकळा राहतो."

"आजच सांगते," मी म्हणाले. 'बघू' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. आमच्या सगळ्या सुट्ट्या त्यानंच खाल्ल्या आहेत. फोन ठेवला आणि त्याच तलावाकाठच्या एका साध्या हॉटेलात श्रावणातल्या दोन खोल्या घेतल्या. आईसाठी तळमजल्यावरच्या. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, तरी घेतल्या.

संजयनं पावती पाहिली. "म्हणजे शेवटी पैसे भरलेसच!"

"हो," म्हटलं, "आता जावं लागेल."