आधी सांगायचं

दवाखान्यात तिला सगळे ड्रेसिंगवाली मावशी म्हणायचे. जखमेला औषध लावायच्या आधी तिच्या तोंडी एकच शब्द ठरलेला: झोंबेल. "काही होत नाही" म्हणून फसवणाऱ्यांचा तिला भारी राग. अहो, ज्याची सालटी निघाली आहेत त्याला कसलं सांगता, काही होत नाही?

शब्दांच्या बाबतीत ती फार काटेकोर. खरचटलं तर चुरचुरतं, भाजलं तर आग होते, आत पू धरला तर ठणकतं. पण उघड्या जखमेला औषध भिडलं की ते झोंबतं. तिथं दुसरा शब्द चालायचा नाही. एकदा एक दांडगा गडी "दुखतंय, दुखतंय" करायला लागला, तर म्हणाली, "दुखत नाही बाबा, झोंबतंय. दुखणं मुक्काम करतं, झोंबणं येतं नि जातं. श्वास सोड." गड्यानं श्वास सोडला.

धाकट्या बहिणीची मुलगी शिक्षण सोडून घरी बसली, तेव्हा मावशीनंच तिला हाताशी घेतलं. कापूस कसा धरायचा, पट्टी किती आवळायची, हातचं काही राखलं नाही. एक गोष्ट मात्र दटावून सांगितली: "आधी सांगायचं. सांगितलं की माणूस सोसतो. फसवलंस तर पुन्हा हात पुढे करणार नाही."

मग डॉक्टरांनी समोरच्या इमारतीत मोठी जागा घेतली. मावशीनं ट्रे घासूनपुसून लख्ख केले, खिडकीजवळचा कोपरा आपल्या टेबलासाठी मनात धरून ठेवला. भाची शेजारी बसून बाटल्या कागदात गुंडाळत होती. "उजेड छान आहे गं तिथं," असंही म्हणाली.

सामान हलवायच्या दिवशी मावशी बाटल्यांचा शेवटचा खोका घेऊन नव्या जागेत पोचली, तर खिडकीजवळच्या टेबलाशी भाची. अंगात नवा कोरा कोट.

डॉक्टर चाचरले. "तुम्ही आता आराम करा, मावशी. हे मागेच ठरलं होतं. हिनं सांगितलं नाही? मीच सांगते म्हणाली होती."

खोका हातातून निसटला. काचा वेचताना मावशीचा तळवा चांगलाच चिरला. भाची कापूस भिजवून धावत आली, तोंड पांढरंफटक पडलेलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून गं... रोज सांगीन सांगीन म्हणत होते. दे हात. काही होणार नाही."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. पोटच्या पोरीसारखं जपलं, तिनंच केसानं गळा कापला. वर हे.

"काय म्हणायचं असतं आधी?" तिनं विचारलं.

भाची भिजलेला कापूस तसाच पुढे धरून राहिली.

मावशीनं हात मागे घेतला, रुमालात घट्ट गुंडाळला आणि जिना उतरून गेली.