बांबूच्या चौकटीतला जवान

देश आपल्या हुतात्म्यांना विसरत नाही. कोलकात्यातल्या माझ्या पोलिसातल्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या शोकसभांच्या बंदोबस्तात ऐकलं, की ते मला पाठ झालं होतं. म्हणूनच बहुधा ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. एक निवृत्त शिक्षक पोलीस ठाण्यात आले आणि म्हणाले, माझा मुलगा चोरीला गेलाय.

मुलगा सीमेवर मारला गेला होता. ड्यूटी ऑफिसर गोंधळला आणि त्यांना माझ्याकडे घेऊन आला. पार्थिव आलं तेव्हा नाक्यावर बांबूच्या चौकटीत जवानाचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्याची आई रोज संध्याकाळी त्याखाली दिवा लावायची. आता तिथे स्थानिक नेत्याच्या चिरंजीवांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

"ती अजून तिथे जाते," वडील म्हणाले, "आणि दिवा तसाच घेऊन परत येते. कालपासून जेवलेली नाही."

कलम कोणतं लावायचं, कळेना. फ्लेक्सचा मालक कोण, तेही कळेना. गल्लीतल्या क्लबचे, म्हणजे तिथल्या मंडळाचे, लोक म्हणाले, नेत्याच्या ऑफिसने लावला. ऑफिस म्हणालं, क्लबने. नाक्यावर विचारपूस केली तर तो कधी गेला हे कुणालाच सांगता येईना. रोज त्याच्यासमोर चहा पिणाऱ्या एका गृहस्थांनी तर मलाच विचारलं, कुठला जवान? शेवटी पानवाल्याने सुपारी कातरता कातरता हळूच सांगितलं, फ्लेक्स बांधणाऱ्या डेकोरेटरला गाठा.

डेकोरेटरला बोलावून दरडावलं. तो घाबरला कमी, चक्रावला जास्त.

"चोरी कसली, सर? जुना आम्ही काढतच नाही, नवा वरून बांधतो. काढायची मजुरी कोण देतं?"

म्हणजे जवान जागेवरच होता. पण चिरंजीवांच्या दोऱ्या सोडा म्हटल्यावर माझ्या कॉन्स्टेबलांना एकाएकी दुसरी कामं आठवली. मी चिरंजीवांनाच फोन लावला. ते अदबीने बोलले.

"कोण जवान?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "काढा की अंकल. वाढदिवस होऊन गेला."

दोऱ्या सोडल्या. खालून जवान निघाला, डाव्या कोपऱ्यात, बेताच्या आकारात. उजवीकडे त्याच्या दुपटीने मोठे, मान झुकवून, हात जोडून, तेच चिरंजीव श्रद्धांजली वाहत होते.

बदमाश ओळखण्यात माझी नोकरी गेली. इथे बदमाशच सापडेना. त्या मारल्या गेलेल्या पोरावर कुणाचाही राग नव्हता. राग यायला आधी तो लक्षात असावा लागतो. गुन्हा कुणाचा होता, की नव्हताच, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, की एखादी गोष्ट नाहीशी व्हायला दर वेळी चोर लागतोच असं नाही.

गुन्हा नोंदवलाच नव्हता, त्यामुळे मुद्देमालही नव्हता. फ्लेक्स घरी पोचवला. त्यांच्या खोलीच्या भिंतीपेक्षा तो बराच मोठा निघाला. आईने हातातला दिवा खाली ठेवला आणि कात्री मागितली. चिरंजीव कापून काढल्यावर तो भिंतीवर बरोबर बसला.